पेटीवरचं नाव

प्रश्न : माझी मुलगी मिनिआपोलिसला असते. जावयांच्या आजी आता नव्वदीच्या आहेत. या आजींचे आजोबा स्वीडनहून जी लाकडी पेटी घेऊन आले, ती अजून घरात आहे. झाकणावर ‘मोडिग’ आणि ‘१८८२’ असं रंगवलंय. घरच्या बायबलमध्ये त्यांची जन्मतारीख आहे, पण गावाच्या जागी नुसतं ‘स्मोलांड’. घरात सांगतात की खरं आडनाव वेगळंच होतं, न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर परदेशातून आलेल्यांची तपासणी होई, तिथल्या कारकुनाने ते बदललं. आजींना आजोबांचं गाव कळावं असं फार वाटतं. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी त्या कारकुनाला दोषमुक्त करू. एलिस बेटावरचं ठाणं उघडलं १ जानेवारी १८९२ला. आजोबा त्याआधी दहा वर्षं आले. न्यूयॉर्कला उतरले असतील तर कॅसल गार्डनला, म्हणजे तिथल्या आधीच्या ठाण्यावर. उतारूंची यादी जहाज सुटण्याआधीच तयार होई, उतरताना ती फक्त ताडून पाहत. आणि अशा पेट्यांवर नाव घातलं जाई ते निघण्यापूर्वी. म्हणजे ‘मोडिग’ त्यांनी घरूनच आणलंय.

हे नाव वाचून मला खरंच आनंद झाला. स्वीडिशमध्ये मोडिग म्हणजे धाडसी, आणि हे ठरलेलं शिपायाचं नाव! तिकडच्या खेड्यात तेव्हा बहुतेकांना कायमचं आडनाव नसायचं. आंदेर्सचा मुलगा आंदेर्सन, मुलगी आंदेर्सदोत्तर. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लागतं, तिकडे शेवटी लागे आणि दर पिढीला बदले. पलटणीत ‘आंदेर्सन’ म्हणून हाक मारली तर दहाजण ‘ओ’ देणार, म्हणून शिपायाला आखूड नाव मिळे : मोडिग, रास्क, स्टोल. काही शेतकरी मिळून एक शिपाई पोसत, त्याला छोटं घर आणि जमिनीचा तुकडा देत. तो गेला की नव्या शिपायाला घराबरोबर पुष्कळदा नावही तेच मिळे. त्यामुळे दोन मोडिग एकाच कुळातले असतीलच असं नाही. इथे भलेभले फसतात. आजोबांचे वडील शिपाई असावेत असा माझा अंदाज. तसं असेल तर सैन्याच्या हजेरीपटातही ते सापडतील.

आता गाव. स्मोलांड हा अख्खा प्रांत आहे, खडकाळ जमिनीचा; तिथून घरंच्या घरं अमेरिकेला गेली. आपल्याला त्यातला चर्चचा एक परगणा, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा भाग, हवाय. तो स्वीडनमध्ये शोधू नका, मिनिआपोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटात शोधा. स्वीडिश लोकांच्या लुथरन चर्चमध्ये सभासदांची वही स्वीडिशमध्येच ठेवत, आणि नव्या माणसाचा जन्म कोणत्या परगण्यातला ते तीत बहुधा लिहीत. चर्च बंद पडलं असेल तर इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला, ऑगस्टाना कॉलेजच्या स्वेन्सन केंद्रात चौकशी करा. अशा पुष्कळ वह्यांच्या प्रती तिथे आहेत.

परगणा कळला की मग स्वीडन. तिथल्या चर्चला १६८६च्या कायद्याने नोंदी ठेवाव्या लागत. पाद्री घरोघर जाऊन माणसांचं वाचन आणि धर्मज्ञान तपासत, आणि त्या वहीत घरातला प्रत्येकजण येई : जन्मतारीख, जन्मगाव, देवी काढल्या का, कुठून आला, कुठे गेला. ही पानं आता स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पैसे भरून डीएनए तपासणीच्या मागे आत्ताच लागू नका. तुमच्याकडे जन्मतारीख आहे, तीच मोठी किल्ली.

माझ्या सुनेच्या पूर्वजाचं असंच पान मी पाहिलंय. वर आईबापांच्या ओळी, खाली मुलांच्या. एका मुलाच्या नावावर शाईची आडवी रेघ. माझ्या पोटात धस्स झालं, वाटलं, लहानपणीच गेला. मग शेवटचा रकाना वाचला : ‘एन. अमेरिका’, म्हणजे उत्तर अमेरिका, पुढे साल. घर सोडून गेलेल्याचं नावही तसंच खोडत. आईच्या नावावर रेघ नव्हती. ती तिथेच राहिली होती.

तेव्हा मुलीला आजच फोन करा. आजोबांना कुठल्या चर्चच्या आवारात पुरलंय, एवढंच तिने आजींना विचारावं. नाव आठवलं नाही तर थडग्यापर्यंतची वाट विचारा. लहानपणी त्या फुलं घेऊन गेल्या असतील.