बीपीची गोळी वाढवली आणि पाय सुजले, किडनी गेली का?

प्रश्न : सासूबाई ६४ वर्षांच्या. दिवाळीनंतर बीपी १६६/९४ वगैरे यायला लागलं म्हणून डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन ५ दिली, नंतर १० केली. बीपी आता १३० च्या आसपास असतं, पण संध्याकाळ झाली की दोन्ही घोटे सुजतात, जोडवी रुततात, चपलेचा पट्टा लागत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या किडनी गेली की असे पाय सुजतात, झालं, त्या दिवसापासून यांनी मीठ पूर्ण बंद केलंय आणि पाणीपण मोजून पितायत. मेडिकलवाल्याने लघवीची गोळी दिली, रात्रभर उठबस झाली, सूज जैसे थे. त्यात हाडांसाठी कॅल्शियम चालू आहे आणि नणंदेने गूगल करून सांगितलं की बीपीची ही गोळी कॅल्शियम ब्लॉक करते, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. आता त्या गोळीच नको म्हणतायत. काय करू?
– एक सून, बार्शी

उत्तर : ताई, बीपीची गोळी आज बंद करू नका, लघवीची गोळी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा देऊ नका आणि याच आठवड्यात त्यांना दाखवून या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही सूज बहुतेक अॅम्लोडिपिनचीच आहे. दोन्ही पायांना सारखी, डोस वाढल्यावर सुरू झालेली, दिवसभर उभं राहिल्यावर वाढणारी, अगदी ठरलेलं चित्र आहे. ५ मिलिग्रॅमवर शंभरात साधारण ३ जणांना होते, १० वर ११ जणांना, आणि पुरुषांपेक्षा बायकांना बरीच जास्त.

होतं काय की ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक रोहिण्या सैल करते, पण रक्त परत नेणाऱ्या पुढच्या नीला तेवढ्या सैल होत नाहीत. पाटाचं दार मोठं उघडलं आणि शेताबाहेर जाणारा चर तेवढाच ठेवला तर पाणी वाफ्यात झिरपणारच, तसं पावलात होतं. म्हणजे शरीरात पाणी जास्त झालंय असं नाहीच, ते फक्त चुकीच्या जागी उतरलंय, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. उलट या वयात मीठ बंद, पाणी कमी आणि वर ती गोळी, म्हणजे सोडियम-पोटॅशियम खाली जाऊन रात्री बाथरूमला उठताना चक्कर यायची. एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध, मग दुसऱ्याच्या त्रासावर तिसरं, ही साखळी मी फार बघतो आणि ती बरेचदा अशीच मेडिकलच्या काउंटरवर सुरू होते.

खरा उपाय मूळ गोळीतच आहे. डॉक्टर १० चं परत ५ करतील आणि जोडीला टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखं औषध देतील, या औषधांनी नीलापण सैल होतात त्यामुळे बीपी आणि सूज दोन्ही उतरतं. नाहीतर सिल्निडिपिन देतील, त्याच जातीचं औषध पण पाय कमी सुजवतं. हे कॉम्बिनेशन ठरवायचं काम त्यांचं, कारण रामिप्रिल-टेल्मिसार्टनआधी क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम बघावं लागतं. त्यातच लघवीतलं प्रोटीनही तपासून घ्या, म्हणजे काकूंच्या शंकेचाही निकाल लागेल. किडनीची सूज बहुधा सकाळी डोळ्यांखाली दिसते आणि लघवीला फेस येतो. एकच पाय सुजून दुखायला लागला किंवा आडवं पडल्यावर दम लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

हाडांचं म्हणाल तर नणंदबाईंनी निम्मंच वाचलंय. ही गोळी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींमध्ये शिरणारं कॅल्शियम कमी करते, त्याने स्नायू आवळत नाही, एवढंच. हाडातलं कॅल्शियम ती काढत नाही. सासूबाईंची कॅल्शियमची गोळी नेहमीच्या डोसमध्ये खुशाल चालू ठेवा.

मीठ अगदी बंद नको, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून चहाचा छोटा चमचाभर, पापड-लोणच्यातलंही त्यातच धरा. आणि गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक वगैरे अधूनमधून घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्या बीपी वाढवतात आणि सूजही, आणि हे घरातली माणसं हमखास सांगायची राहतात.

सासूबाई म्हणतील बीपीची गोळी दोन दिवस घेतली नाही तरी काही झालं नाही. नाहीच होणार, कारण अॅम्लोडिपिन रक्तात निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. बीपी हळूहळू चढतं आणि चढताना कळत नाही.

प्रश्न : मी पण हीच गोळी घेतो. गणपतीत घरी पपनस असतं, ते चालतं का? आणि सकाळची गोळी विसरलो तर?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : पपनस हे ग्रेपफ्रूटचं सख्खं नातेवाईक. त्यातले काही घटक काही औषधं पचवणाऱ्या आतड्यातल्या एन्झाइमला अडवतात. निफेडिपिन, फेलोडिपिन घेणाऱ्यांनी ते टाळावंच, अॅम्लोडिपिनवर परिणाम फारसा होत नाही, प्रसादाच्या दोन फोडी खा, रोज ग्लासभर रस नको. गोळी विसरलात आणि १२ तासांच्या आत आठवलं तर घेऊन टाका, त्यापेक्षा उशीर झाला तर सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला एकच घ्या, दोन नको.