‘बाकीच्यांना काय सांगायचं?’

वाचनालयाचे चिटणीस असोत, क्रीडा मंडळाचे प्रशिक्षक असोत किंवा उन्हाळी शिबिर चालवणाऱ्या ताई असोत, एखाद्या मुलाच्या लिंगओळखीचा प्रश्न घेऊन समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारी मंडळी बहुधा एकाच वाक्याने सुरुवात करतात: ‘आमचं काही म्हणणं नाही हो, पण बाकीच्यांना काय सांगायचं?’ त्यांच्यासाठी एका पथकाची हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे सांगते.

पुण्यातील एका ढोल-ताशा पथकाचे प्रमुख गणेशोत्सवाच्या दोन महिने आधी, सराव नुकताच सुरू झालेला असताना आले. तीन वर्षे मुलींच्या पोशाखात ढोल वाजवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या वादकाने त्यांना लिहून कळवले होते, की आपण मुलगा आहोत आणि यापुढे नव्या नावाने हाक मारावी. ‘मॅडम, तुम्ही एकदा समजावून बघा,’ असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना सांगितले, की स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्य केला आहे, जन्मतः नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असणे हे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मानसिक विकारांच्या यादीतून काढले आहे आणि अशी ओळख ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे 2022 पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्यांनी सगळे वहीत उतरवून घेतले, वही मिटली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पहिल्याच भेटीत व्याख्यान देण्याची माझी खोड जुनी आहे.

पुढच्या भेटीत मी विचारले, ‘बाकीचे म्हणजे नेमके किती?’ ‘असंच झालं पाहिजे’ असे हट्टी विचार तपासून पाहणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडल्यामुळे, ‘सगळ्यांना पटलंच पाहिजे’ यातला ‘च’ मला लगेच टोचतो. त्यांनी बोटांवर मोजायला घेतले. एका वादकाचे वडील, एका ताशेवाल्याची आई, आणि तिसऱ्या बोटाशी ते थांबले. ‘तिसरा मीच असेन,’ ते म्हणाले. मग खरी तक्रार बाहेर आली: ‘पूर्वी किती बडबडायची ती. आता काहीही विचारा, येईन, करीन, बघेन. दोन शब्दांच्या वर बोलणं नाही.’

हे तीन शब्द माझ्या कानात अडकले. मराठीत ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ म्हणताक्षणी बोलणारा पुरुष की स्त्री हे उघड होते, ‘आलो’ आणि ‘आले’ यांचेही तसेच. ‘येईन’ मात्र कोणीही म्हणू शकते. खोटे बोलायचे नाही आणि खरे बोलायची सोय नाही, अशा कोंडीत सापडलेला हा मुलगा गप्प झाला नव्हता, तर नुसता भविष्यकाळात राहू लागला होता. हे ध्यानात आले याचे मला आजही समाधान वाटते, आणि त्याचे निम्मे श्रेय शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या माझ्या आईचे आहे. प्रमुखांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. ‘म्हणजे तो माझ्यावर रुसला नव्हता,’ एवढेच म्हणाले. ‘तो’ हा शब्द त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा आला.

तो मुलगा नंतर एकटाच भेटायला आला. ‘आख्खं वाक्य मनात तपासतो आणि मगच बोलतो,’ असे म्हणून तो हसला. पथकात आपले कौतुक किंवा सत्कार व्हावा असे त्याला मुळीच वाटत नव्हते. हजेरीला नाव नीट घेतले तरी पुरे होते.

त्याच आठवड्यात प्रमुखांनी कसलीही घोषणा न करता हजेरीत नवे नाव घेतले आणि विचारले, ‘आलास का रे?’ उत्तर आले, ‘आलो, दादा.’

अशा वेळी संस्थेने प्रथम त्या मुलालाच विचारावे, की कोणते नाव कोठे वापरायचे. या मुलाच्या घरी काही ठाऊक नव्हते, त्यामुळे घरी फोन केला तर जुनेच नाव घ्यायचे, असे त्याच्याशी बोलूनच ठरले. प्रमुखांना ही आईची फसवणूक वाटत होती. परंतु ते सांगण्याचा हक्क त्याचा आहे, आणि इतरांनी घाईने घरी कळवल्यामुळे बेघर झालेली मुले मी पाहिली आहेत. मूल अठरा वर्षांखालील असेल आणि जिवाला धोका दिसत असेल, तर मात्र एकट्याने निर्णय न घेता त्याच दिवशी जाणकाराची मदत घ्यावी. नाव चुकले, तर दुरुस्त करून पुढे जावे. लांबलचक माफी मागितली की समजूत त्या मुलालाच काढावी लागते. पोशाखाचे दोन प्रकार असतील, तर निवड सर्वांनाच द्यावी. आणि स्वच्छतागृहाचा विचार आधी करावा, कारण मिरवणूक तासन्‌तास चालते आणि कोणत्या स्वच्छतागृहात जायचे या भीतीने अशी अनेक मुले दिवसभर पाणीच पीत नाहीत. या पथकाने मार्गावरील दोन ओळखीची घरे सांगून ठेवली, आणि त्याचा फायदा सगळ्याच वादकांना झाला.

राहता राहिले बाकीचे. ताशेवाल्याच्या आईने विचारलेच नाही. वादकाच्या वडिलांनी विचारले, तेव्हा प्रमुख म्हणाले, ‘तो आमचा वादक आहे, त्याचं त्याने ठरवलंय. तुमच्या मुलाबद्दल काही विचारायचंय का?’ त्यावर त्या गृहस्थांनी विचारले, की रविवारचा सराव किती वाजता संपतो.