सामान्यीकरण, समानीकरण आणि सुताराचा गुण्या

प्रश्न असा आला आहे: 'परीक्षा अनेक सत्रांत झाली की गुणांचं "नॉर्मलायझेशन" करतात, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांचे गुण एका मापात आणतात. बातम्यांत त्याला कुठे सामान्यीकरण, कुठे समानीकरण, तर कुठे प्रसामान्यीकरण म्हणतात. बरोबर कोणतं?'

तिन्ही चूक. सामान्यीकरण म्हणजे विशेषावरून सर्वसाधारण विधानाकडे जाणं. चार कावळे काळे दिसले म्हणून सगळे कावळे काळे म्हणणं, हे सामान्यीकरण. समानीकरण म्हटलं की सगळ्यांना सारखे गुण वाटल्यासारखं वाटतं. प्रसामान्यीकरण सर्वांत विद्वान दिसतं आणि सर्वांत जास्त फसवतं. संख्याशास्त्रात 'प्रसामान्य' म्हणजे तो घंटेच्या आकाराचा वक्र, आणि इथे गुणांना त्या वक्रात कोणी बसवत नाही. सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) यांचं सूत्र गुण सरकवतं आणि ताणतं, आलेखाचा आकार मूळचाच राहतो. पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत तो आकडा, काढले तर आलेख जवळपास सपाट होतो. घंटा वाजतच नाही!

या गोंधळाचं मूळ 'नॉर्मल' म्हणजे 'सामान्य' या समजुतीत आहे. लॅटिन 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा काटकोनी गुण्या. 'नॉर्मल' म्हणजे गुण्याला धरून असलेलं, म्हणून काटकोनात असलेलं. शाळेत प्रकाशाच्या परावर्तनात आरशाला लंब असणारी 'स्तंभिका' काढायचो, ती इंग्रजीत 'नॉर्मल'च, आणि तोच या शब्दाचा जुना अर्थ. नेहमीचं, साधारण हा अर्थ फार उशिरा चिकटला. जे गुण्याच्या बाहेर गेलं ते 'इनॉर्मस', अवाढव्य. 2023च्या तलाठी भरतीत 57 सत्रं झाली आणि नॉर्मलायझेशननंतर 200 पैकी 214 गुणांचा आकडा गाजला. नॉर्मा लावून निघालेलं हे अस्सल इनॉर्मस.

त्यात जादू नाही. समजा, अवघड सत्राची सरासरी 90 आणि प्रमाण विचलन 20. ज्याच्या मापात सगळं आणायचं त्या सत्राची सरासरी 120, विचलन 22. अवघड सत्रात 170 मिळवणारा सरासरीच्या 4 विचलनं वर आहे. म्हणून 120 अधिक 4 गुणिले 22, म्हणजे 208. सरळ रेषेच्या सूत्राला कमाल गुण ठाऊकच नसतात. वर छत घालायचं तर ते वेगळ्या नियमाने घालावं लागतं, आणि मग वरची सगळी मुलं त्या छताला डोकं टेकून एकाच गुणावर उभी राहतात.

आता आपला गुण्या. हा शब्द दिसला की संस्कृत 'गुण'कडे, म्हणजे दोरीकडे धाव घेणारे बरेच आहेत. त्यांना नम्रपणे सांगतो, गुण्याला दोरी नसते, दोरी ओळंब्याला असते. फारसीत याच हत्याराला 'गूनिया' म्हणतात, तुर्कीत 'गोन्ये', हिंदीत 'गुनिया', आणि सगळ्यांच्या मागे ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोपरा. 'ट्रिगोनोमेट्री'तला 'गोनो' तोच. हत्यार हातोहात आलं आणि नावही सोबत आलं. परीक्षेतले गुण निराळे, त्यांचा या गुण्याशी संबंध नाही. 'गुण्यागोविंदाने नांदणे' यात मात्र मला हाच गुण्या दिसतो. दोन भिंती गुण्यात असल्या की घर नीट नांदतं. हा माझा लाडका तर्क आहे. पुरावा विचाराल तर फक्त कानाचा, आणि त्यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.

गवंड्यांच्या बोलीत खोली 'गुण्यात' असते किंवा 'गुण्यात नसते'. एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि तिरकं माप बरोबर 5 फूट भरलं तर कोपरा गुण्यात. खुद्द गुण्यावर संशय असेल तर फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारायची, गुण्या पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. रेघा फाकल्या तर जेवढी फाक, त्याच्या निम्मी चूक गुण्यात.

आपल्या बहुसत्री परीक्षांत ही पालथं घालून बघायची सोय नाही. दोन प्रश्नपत्रिका खरोखर एका मापात आणायच्या तर दोन्हींत काही सामाईक प्रश्न लागतात. ढोबळ नियम असा की पत्रिकेच्या किमान 20 टक्के किंवा 20 प्रश्न. त्यावरून कळतं की या सत्राची सरासरी घसरली ती पत्रिका अवघड म्हणून की मुलं कच्ची म्हणून. पण सामाईक प्रश्न सकाळी विचारले की संध्याकाळपर्यंत ते बाहेर आलेले असतात, आणि हरकतींसाठी उत्तरतालिका तर सगळ्यांसमोर येतेच. म्हणून सरळ धरून चालतात की प्रत्येक सत्रातली मुलं सरासरीने सारख्याच तयारीची. सत्रं चिठ्ठ्या टाकून वाटून दिली तर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. जिल्हावार वाटून दिली तर गुण्याच वाकडा.

सामाईक प्रश्न घालून केलेल्या कामाला 'तुल्यीकरण' म्हणावं. नुसतं सत्रांमधलं माप जुळवायचं त्याला 'गुणजुळणी'. 'प्रमाणीकरण' सुचवणाऱ्यांनी आधी आधार प्रमाणीकरणाच्या रांगेत उभं राहून यावं. मला विचाराल तर 'गुण गुण्यात घेणे' यासारखा शब्द नाही, पण तो शासन निर्णयात येणार नाही हे मलाही कळतं.

आणि ते 'सीईटीला 98 टक्के पडले' आता थांबवा. सत्रात 12,000 जण बसले आणि 11,760 जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी असले, की तुमचा पर्सेंटाइल 98. प्रत्यक्षात 200 पैकी 120च असतील, म्हणजे 60 टक्के. सत्रात पहिला आलेल्याला 100 पर्सेंटाइल मिळतो, मग त्याची कितीही उत्तरं चुकलेली असोत. 'शततमक' म्हणा, नाहीतर सरळ 'पर्सेंटाइल' म्हणा.