'वावर' सापडते, 'पऱ्हाटी' का सापडत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वऱ्हाडी शब्दांची जुनी एचटीएमएल पानं आहेत, पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप (एचटीएमएल वाचून बदलायची लायब्ररी) वापरून त्यातला प्रत्येक बोलीशब्द ठळक करायचा आहे. सरळ रिप्लेस चालवलं तर दुवे मोडतात, आणि 'पऱ्हाटी' (कपाशीचं झाड) डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मागच्या उन्हाळ्यात गावच्या वाचनालयासाठी हेच काम केलं. रात्री लाइन आली की बसायचं, गेली की उठायचं.

दुव्यांचं सोपं आहे. 'वावर' हा शब्द मजकुरात असतो तसा दुव्याच्या पत्त्यातही असतो. रिप्लेसले काय समजते बाप्पा, ते दोन्हीकडे हात घालते. म्हणून फाइलला नाही, झाडाला हात लावा, म्हणजे ब्यूटिफुल सूप पानाच्या टॅगांची जी फांद्याफांद्यांची रचना करते तिला. झाडात मजकुराचे तुकडे टॅगांपासून वेगळे लटकलेले असतात, त्यांना नेव्हिगेबल स्ट्रिंग म्हणतात. फाइंड-ऑलला 'स्ट्रिंग बरोबर ट्रू' एवढंच सांगितलं की तेवढेच हाती येतात. त्यात कॉमेंटही (पानावर न दिसणाऱ्या टिपा) येतात, कारण कॉमेंट हा त्याचाच पोटप्रकार आहे. तेव्हा पोटप्रकारालाही 'हो' म्हणणाऱ्या इजइन्स्टन्सवर विसंबू नका, टाइप नेमका तपासा. आणि आधी सगळे तुकडे यादीत गोळा करा, मग बदला. मी झाडावरून चालता चालताच बदलत होतो. पहिला शब्द ठळक झाला आणि लूप गुपचूप थांबला, एररसुद्धा नाही.

बदलताना ठळक करणारा बी टॅग मजकूर म्हणून लिहून चिकटवला तर पानावर कंसासकट छापला जातो. तुकड्याचे तीन भाग करा: शब्दाआधीचा मजकूर, न्यू-टॅगने बनवलेला टॅग, नंतरचा मजकूर. आवृत्ती ४.१० पासून रिप्लेस-विथ हे तिन्ही एकदम घेते.

आता 'पऱ्हाटी'. इथे माझे दोन आठवडे गेले. यात दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं म्हणजे वर्ड. वर्डमधून सेव्ह केलेल्या पानात शुद्धलेखन तपासणीचे स्पॅन कुठेही घुसलेले असतात, त्यामुळे एक शब्द दोन-तीन तुकड्यांत विभागला जातो. अनरॅप करून (आतला मजकूर ठेवून) स्पॅन काढले तरी तुकडे शेजारी-शेजारी सुटेच राहतात! त्यांना जोडायला स्मूद आहे, आवृत्ती ४.८ पासून. ब्राउझरमध्ये हेच काम नॉर्मलाइज करते. स्मूद चालवल्याशिवाय शोधू नका.

दुसरं म्हणजे आपला ऱ्ह. 'पऱ्हाटी', 'वऱ्हाड', 'तऱ्हा' यांतला हा र कोणी यू+०९३१ या अक्षराला (युनिकोडमधला नुक्त्याचा ऱ) हलन्त जोडून टाइप करतो, कोणी साध्या र ला हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे शब्द. एनएफसी (युनिकोडचं एकसारखं करून घेणं) केल्याने र आणि नुक्ता वेगवेगळे टाइप केलेले असतील तर ते सुधारतात, झेडडब्ल्यूजेवाला मात्र जसाच्या तसा राहतो. तो स्वतःच बदलून घ्यावा लागतो. वऱ्हाडी शब्दकोश करणाऱ्याला हा फटका बसणारच.

शिवाय शब्दाची सीमा ओळखायला बॅकस्लॅश-बी वापरत असाल तर 'वावर' शोधताना 'वावरात'ही अर्धाच ठळक होईल. पायथनचं री मॉड्यूल (नमुन्याने शोधणारं) काना-मात्रेला अक्षर मानत नाही, त्याच्या हिशेबी शब्द र वरच संपतो. मी शब्दाच्या मागेपुढे ०९०० ते ०९७एफ या देवनागरीच्या युनिकोड पट्ट्यातलं काही नसावं अशी अट घातली. पूर्णविरामाचा दंड याच पट्ट्यात येतो, तेव्हा पोथीछाप मजकूर असेल तर तो पट्ट्यातून वगळा.

वेगासाठी एलएक्सएमएल या दुसऱ्या लायब्ररीवर जाणार असाल तर एक सांगतो. तिथे मजकुराचे नोड वेगळे नसतात. टॅगच्या आतला मजकूर टेक्स्टमध्ये, आणि टॅग संपल्यानंतरचा त्याच टॅगच्या टेलमध्ये. पऱ्हाटी उपटली की मुळाला धरून ढेकूळ येते ना, तसं रिमूव्ह केलं की टेलही टॅगसोबत जातं. एचटीएमएल असेल तर ड्रॉप-टॅग वापरा, ते मजकूर जागेवर ठेवतं. मला हे माहीत नव्हतं, बीआर (ओळ तोडणारा टॅग) काढायला गेलो आणि म्हणींच्या पानातल्या प्रत्येक म्हणीचा फक्त पहिला अर्धा उरला. मूळ फाइली वाचनालयातल्या पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून निभावलं.