तक्ता नंतर, आधी किराण्याची यादी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं: वजन जास्त म्हणून आहाराच्या सल्ल्यासाठी तुझ्याकडे आणलेला दहा वर्षांचा मुलगा, उंची 140 सेंटिमीटर, वजन 45 किलो. आई 'डाएट चार्ट द्याच' म्हणून हटून बसली आणि तू अडलीस. बरं झालं अडलीस. तक्ता देऊ नकोस. आधी घरच्या किराण्याची यादी माग.

त्याचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 23 च्या घरात आहे, पण मुलांना मोठ्यांची मोजपट्टी लावायची नसते. आयएपी या भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2015 च्या वाढीच्या आलेखावर वयासमोर ठिपका मांड. मग टेप घे. शर्ट वर, श्वास सोडलेला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये. घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे इथे 70 च्या वर गेला, तर चरबी पोटात साठतेय. मानेवर मागून काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली तर तो मळ नव्हे, घासून जाणार नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण, डॉक्टरांकडे पाठव. मूल बारीक दिसलं तरी टेप सोडू नकोस. आपल्याकडची बाळं वजनाला कमी असली तरी चरबीला तितकी कमी नसतात, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यातच केईएम रुग्णालयात दाखवलं.

वजन उतरवायचा ध्यास सोड. ते 45 वरच थांबलं आणि वर्षभरात उंची 146 झाली, की बीएमआय 21 वर येतो. उपाशी ठेवलेलं पोर शाळेबाहेरच्या गाडीवर पोट भरतं.

म्हणून यादी. चौघांच्या घरात पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. खारी, टोस्ट, क्रीमरोल म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. चहाबरोबरची खारी तर कुणी खाण्यात धरतच नाही, तू धर. पाकिटावर 'प्रति सर्व्हिंग' वाचू नकोस, 'प्रति 100 ग्रॅम'चा रकाना वाच आणि पाकिटाच्या वजनाने गुण. कोलाच्या 300 मिलीत सुमारे 32 ग्रॅम साखर, सहा-सात चमचे. 2000 कॅलरी खाणाऱ्याला वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा चरबी, साखर, मिठाचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा 2020 चा केंद्राचा नियम आहे. मुख्याध्यापकांना तो लेखी दाखव.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. तक्ते वाटण्यात माझी वर्षं गेली, त्याची खंत आहे. तक्ता मुलाला घरात एकटं पाडतो: त्याच्या ताटात भाकरी, शेजारी बहिणीच्या हातात वेफर्स. किती दिवस टिकेल तो, सांग ना? वेफर्स घरातच आले नाहीत तर कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. यादी माग गं, यादी!

सोमवारी मुलाची आई येईल तेव्हा महिन्याचं बिल आणायला सांग, मोबाइलवरून मागवलेल्याचंही. आणि वडिलांना सोबत बोलाव, रविवारचा पिझ्झा तेच मागवतात.