सबवूफर घुमतो आणि सोफ्यावर बेस गायब होतो. डीएसपी घेऊन फरक पडेल का?

तुम्ही विचारलंय की भिंतीजवळ उभं राहिलं की सबवूफर घुमतो आणि सोफ्यावर बसलं की बेस गायब होतो, तर डीएसपी, म्हणजे आवाजातल्या निरनिराळ्या फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणारं डिजिटल उपकरण, घ्यावा का. घुमणं डीएसपीने नक्की आटोक्यात येईल. गायब झालेला बेस मात्र त्याने परत येणार नाही, त्यासाठी आधी सोफा किंवा सबवूफर हलवावा लागेल.

दोष बहुतेक सबवूफरचा नाही, खोलीचा आहे. ज्या ध्वनिलहरीची अर्धी लांबी समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराएवढी असते, ती खोलीत अडकून राहते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. माझी खोली साडेचार मीटर लांब आहे, म्हणजे उत्तर येतं 38 हर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुमच्या वर्णनावरून तुमचा सोफा खोलीच्या मधोमध असावा.

जिथे बेस असा नाहीसा होतो, त्या खड्ड्यात डीएसपीने 10 डेसिबल वाढवून पाहिले तर अॅम्प्लिफायरला त्या फ्रीक्वेन्सीवर दहापट पॉवर द्यावी लागते. पण भिंतीवर आपटून परत येणारी लहरही तेवढीच वाढते, त्यामुळे दोघी एकमेकींना खोडतच राहतात. खिडकीची तावदानं थडथडतात, सोफ्यावर काही पोचत नाही.

म्हणून सोफा मधल्या रेषेवरून मागे घ्या. ते जमत नसेल तर सबवूफरच थोडा वेळ सोफ्यावर ठेवा, संथ चढत्या-उतरत्या बेसचं काहीतरी लावा आणि कान जमिनीलगत ठेवून भिंतीकडेने फिरा. जिथे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवायचा. स्पीकर आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते.

मग मोजमाप. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. सोबत कॅलिब्रेशन फाइल (माइकच्या स्वतःच्या चुका भरून काढणारी नोंद) असलेला यूमिक-1सारखा मोजमापाचा माइक घ्या. माइक कानाच्या उंचीवर ठेवून स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणाऱ्या स्वराचं मोजमाप, घ्या आणि डोक्याच्या आसपासच्या तीन-चार जागांवरही घ्या. आलेखात जो उंचवटा सगळीकडे दिसतो, तोच कापायचा. मी मागच्या भिंतीजवळ बसतो, त्यामुळे माझ्याकडे 38 हर्ट्झवर मोठा उंचवटा होता. तिथे तेवढ्याच रुंदीचा एक पॅरामेट्रिक फिल्टर (ज्याची फ्रीक्वेन्सी, रुंदी आणि पातळी आपण ठरवतो) लावला, क्यू म्हणजे अरुंदपणा 5, पातळी उणे 8 डेसिबल. या फिल्टरने त्या स्वराची पातळी तर उतरतेच, शिवाय तो रेंगाळायचाही थांबतो. किक ड्रमचा ठोका वाजून संपतो, पुढच्या ठोक्यावर सांडत नाही. हा बदल मला आजही आलेखापेक्षा कानांना जास्त जाणवतो.

साधारण 300 हर्ट्झच्या वर असे अरुंद फिल्टर लावू नका. तिथे माइक वीतभर सरकवला तरी आलेख बदलतो.

आता लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ते, वेळ जुळवणं. सबवूफर आणि मुख्य स्पीकर 80 हर्ट्झच्या क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे जिथे एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे, एकत्र वाजतात, आणि सबवूफरचा आवाज बऱ्याचदा उशिरा पोचतो, कारण त्याच्या आतल्या फिल्टरमुळे विलंब होतो. अशा वेळी मुख्य स्पीकरना डिले, म्हणजे मुद्दाम विलंब, द्यावा लागतो. 1 मिलिसेकंद म्हणजे साधारण 34 सेंटिमीटर. सबवूफरची पोलॅरिटी (अधिक-उणे दिशा) मुद्दाम उलटी करा, दोन्ही एकत्र वाजवून मोजा आणि 80 हर्ट्झजवळ सर्वांत खोल खड्डा पडेपर्यंत डिले बदलत राहा. मग पोलॅरिटी सरळ करा, तिथला आलेख भरून येतो. माझ्या मते बेस 'घट्ट' वाटतो तो मुख्यतः यामुळे, महागड्या सबवूफरमुळे नाही.

खरेदी माइकपासून सुरू करा. तुमच्या रिसीव्हरमध्ये ऑडिसी किंवा डिराक ही खोलीनुसार आवाज सुधारणारी सोय असेल तर आधी तेच चालवून पुन्हा मोजा. दोन स्टीरिओ स्पीकर आणि साधा अॅम्प्लिफायर असेल तर मिनीडीएसपी कंपनीचा 2x4 एचडी हा डीएसपी पुरतो. आणि सबवूफर पोर्टवाला (पेटीला हवेसाठी नळी असलेला) असेल तर त्या पोर्टच्या ट्यूनिंग फ्रीक्वेन्सीच्या खालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर जरूर लावा, कारण त्याखाली कोन मोकाट हलतो आणि ड्रायव्हर खराब होऊ शकतो.