क्रॉसमॅच

"मॅडम, जागाच नव्हत्या म्हणून राहिले असते तर चाललं असतं. जागा रिकाम्या होत्या. तरी मला घेतलं नाही."

मी समुपदेशनाचं काम करते. दरवर्षी एप्रिल उजाडला की हे वाक्य माझ्या कानावर येतं. बोलणारा तेवढा बदलतो. कधी शिकागोत भावाकडे राहणारा नाशिकचा मुलगा, कधी टेक्सासमधून बोलणारी सोलापूरची सून, तर कधी इथे पुण्यात समोर येऊन बसलेले आईवडील. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणासाठी, गेलेल्या आपल्या डॉक्टरांचं हे दुखणं आहे. त्यातल्या एकीची हकिकत तिला विचारून, ओळख पटणार नाही अशी बदलून सांगते.

मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेली ही मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. तिथल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचे टप्पे दिले, स्टेप वन पास, स्टेप टूला २४३. दोन ठिकाणी ऑब्झर्व्हरशिप केली, म्हणजे तिथल्या डॉक्टरांचं काम नुसतं जवळून पाहिलं, सव्वाशे अर्ज भरले, चार मुलाखती झाल्या. मार्चमधल्या त्या सोमवारी मेल आला की कुठेच मॅच झालेलं नाही.

तिथली जागा देण्याची 'मॅच' ही पद्धत आपल्या मेरिट लिस्टसारखी नाही. डॉक्टर आपल्या पसंतीचा क्रम देतो, हॉस्पिटल आपला देतं आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. सोमवारी 'झालं की नाही' एवढंच कळतं, 'कुठे' ते शुक्रवारी. राहिलेल्यांसाठी मधल्या दिवसांत 'सोप' नावाची फेरी असते. जास्तीत जास्त ४५ अर्ज करता येतात, गुरुवारी चार वेळा ऑफर निघतात. नियम कडक. हॉस्पिटलने आपणहून संपर्क केल्याशिवाय तुम्ही फोन करायचा नाही, मेल करायचा नाही, ओळखीच्या कुणाकडून शब्दही टाकायचा नाही. २०१२ च्या आधी याच आठवड्यात नुसती फोनाफोनी चालायची, ती या नियमांनी थांबवली. हिला सोपमध्ये दोन फोन आले, ऑफर एकही नाही. शुक्रवारी मैत्रिणींचे 'मॅच झालं' अशी पाटी हातात धरलेले फोटो आले आणि ही सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडली.

मग ती माझ्याकडे आली, ऑनलाइनच. पहिल्या दोन भेटींत तिने कॅमेरा लावलाच नाही. गुरुवारी रात्री सोप संपलं की तोंड उघडायला मुभा असते. उरलेल्या जागांची यादी मिळते, थेट विचारता येतं. हिचं तोंड मात्र तीन आठवडे बंदच. वडिलांनी समजूत घालायला फोन केला आणि म्हणाले, "खुर्च्या रिकाम्या ठेवल्या, पण तुला बसू दिलं नाही त्यांनी!" त्यांचा राग हॉस्पिटलांवर होता. तिने ऐकलं ते एवढंच, की आपण रिकाम्या खुर्चीच्याही लायकीचे नाही.

इथे माझं चुकलं. मी आकडे सांगायला गेले. २०२४ च्या मॅचमध्ये ४१,५०३ जागा होत्या आणि त्यातल्या २,५६२ पहिल्या जुळवणीत रिकाम्या राहिल्या. अमेरिकेबाहेर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी शंभरात ५८-५९ जणांचंच मॅच झालं, म्हणजे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अठ्ठावन्न माझ्यापेक्षा चांगले." आकड्यांनी कुणाचं रडू थांबलंय, हे इतक्या वर्षांनी मला कळायला हवं होतं.

पुढच्या भेटीपर्यंत पाच ठिकाणी मेल कर, असंही सांगून पाहिलं. एकही गेला नाही. "भीक मागितल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

तो शब्द मी धरून ठेवला. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली बाई आहे. प्रसंगापेक्षा त्याला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी अनुभवाने मानते. पण तो अर्थ समोरच्याला स्वतःच्या हाताने सोडवावा लागतो, आपण सोडवून दिलेला टिकत नाही. म्हणून विचारलं, "आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलंस आणि लाज वाटली नाही, असं झालंय?"

बराच वेळ काहीच आवाज नाही. मीही बोलले नाही. मग कॅमेरा सुरू झाला.

इंटर्नशिपमधली रात्र होती. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, बाईचा गट ओ निगेटिव्ह. हिला रक्त मिळवायच्या कामावर बसवलं. केस पेपरच्या मागे एकेका ब्लड बँकेचं नाव, वेळ, फोन कुणी उचलला ते लिहीत ही फोन लावत बसली. आठ ठिकाणी नाही. नवव्या ठिकाणी दोन पिशव्या, तीही शेजारच्या जिल्ह्यात. पहाटे नातेवाईक जीपने घेऊन आले.

"आठ जणांनी नाही म्हटलं, तेव्हा काय वाटलं?"

"वाटायला वेळ कुठे होता? नाही म्हटलं की पुढचा नंबर."

"त्यांच्या फ्रीजमध्ये पिशव्या नव्हत्या?"

"होत्या ना. पण गट वेगळा." ती थांबली. "आणि गट जुळला तरी क्रॉसमॅच लागतं, मॅडम, दात्याचं नि पेशंटचं रक्त एकत्र तपासून बघायचं. कधी कधी नाही होत. म्हणून काही पेशंटचं रक्त वाईट..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही केलं नाही. एवढ्या वर्षांत कमावलेलं कसब कुठलं, असं कुणी विचारलं तर अशा ठिकाणी गप्प बसता येणं, हे मी सांगेन. ती हसली की रडली, मला स्क्रीनवर नीट कळलं नाही.

त्या आठवड्यात तिने वही घातली. जागेचं नाव, तारीख, कुणाशी बोलणं झालं, आणि शेवटच्या रकान्यात 'का जुळलं नाही'. तो रकाना भरू लागला तशी रिकाम्या जागांची कोडी उलगडत गेली. कुठे व्हिसा देत नाहीत, कुठे पदवीला पाच वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाहीत, कुठे जागा नुसती एका वर्षाची प्रिलिमिनरी, पुढे रस्ता नाही.

असं शोधणाऱ्या प्रत्येकाला मी काही गोष्टी सांगते. मेल पाच-सहा ओळींचा करा आणि व्हिसा लागणार हे वरच लिहा. नकार लवकर मिळाला तर तुमचाच वेळ वाचतो. प्रशिक्षणाच्या डायरेक्टरच्या मागे लागण्याआधी त्यांचं कामकाज बघणाऱ्या कोऑर्डिनेटरशी नम्रपणे बोला, जागांची खबर त्यांना आधी असते. एप्रिलमध्ये मिळालं नाही म्हणून वही मिटू नका. कुणी आजारी पडतं, कुणी शाखा बदलतं, वर्षाच्या मध्येही जागा उघडते. मधल्या काळात स्टेप थ्री देऊन टाका, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी ती लागतेच. आणि जागा 'मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या. आईवडिलांना एकच विनंती, रोज "काही कळलं का?" विचारू नका. कळलं की मूल सांगतंच.

तिच्या वहीत ७१ नोंदी झाल्या. निम्म्यांहून जास्त ठिकाणांहून उत्तरच नाही. रिकामी जागा तिला एकही मिळाली नाही, हे स्पष्ट सांगते, कारण अशा गोष्टींत शेवटी चमत्कार होतो असा लोकांचा समज असतो. पण चौतिसाव्या नोंदीतल्या कोऑर्डिनेटरने लिहिलं होतं, यंदाची जागा भरली, सप्टेंबरमध्ये अर्ज करा आणि या मेलचा उल्लेख करा. तिने केला. मुलाखत झाली, पुढच्या मार्चमध्ये तिथेच इंटर्नल मेडिसिनला मॅच झालं.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, तिकडची सकाळ होती, नाइट ड्युटी संपवून घरी निघाली होती. एका पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं, पाच ठिकाणी बेड नव्हता, सहाव्याने घेतलं.

"केस पेपरच्या मागे लिहीत होतीस का?" मी विचारलं.

"इथे कुठला केस पेपर, मॅडम! हातावर लिहिलं."